टिकटिक

सकाळी थंड असताना पहिल्या लाथेसरशी सुरू होणारी, वाटेत कोठे न कुरकुरता धावणारी, आणि एकदा तापून थांबली की मग देव पाण्यात घातले तरी हूं की चूं न करणारी मोटरसायकल ज्याच्या नशिबी आली नाही, त्याला आमचे दुःख कळावयाचे नाही. मुळीच सुरू न होणाऱ्या गाडीचे एक बरे असते. ती आजारी आहे याविषयी दुमत होत नाही. आमची गाडी मात्र डॉक्टरपुढे नेताच ताप उतरणाऱ्या पोरासारखी. ढकलीत ढकलीत कारागिरापर्यंत न्यावी तोवर ती निवालेली असे, आणि त्याने सहज पाय लावताच फुर्रर्र करून आम्हांस खोटे पाडी. घाम आम्हांला आलेला, धाप आम्हांला लागलेली, आणि तो कारागीर आमच्याकडे अशा नजरेने पाही की जणू दोष गाडीत नसून गाडीवाल्यात आहे. त्याच्या या नजरेत बरेच तथ्य होते, हे पुढे कळले.

ही गाडी आम्ही २०१३ साली साताऱ्यास असताना घेतली. उंच बैठकीची, रुंद हातांची, खडबडीत टायरांची, डांबरापेक्षा मातीवर रमणारी. त्या वेळी आम्ही नुकतीच चाळिशी गाठली होती, आणि चाळिशीत माणूस एखादा तरी अविचार करतोच. कासच्या पठारावरून बामणोलीकडे उतरणारा रस्ता, ठोसेघरचा घाट, पावसाळ्यात तांबड्या चिखलाने माखणाऱ्या वाटा, हे सारे तिच्या पाठीवरून आम्ही पाहिले. पुढे २०२२ साली दिल्लीस बदली झाली. बरोबरीच्या मंडळींनी गाडी विकून टाकण्याचा सल्ला दिला, सौभाग्यवतींनी तर "या वयात ही उंटीण दिल्लीस न्यायची?" असा रोखठोक प्रश्न विचारला. आम्ही ना हरकत प्रमाणपत्र मिळवले (ते कसे मिळवले हे आमच्या वाचकांना सांगावयास नको, कारण त्यांतील निम्म्यांनी तरी ते कोणास ना कोणास दिलेले असेल), टाकीतील पेट्रोल काढले, गाडी गोणपाटात गुंडाळली, आणि पुण्याहून पार्सलच्या डब्यातून ती निजामुद्दीनला उतरवून घेतली. गोणपाट सोडले तेव्हा मागच्या चाकावरच्या पंख्याच्या आत वाळलेल्या तांबड्या मातीचा एक थर सापडला. तो आम्ही धुतला नाही.

आमचे बिऱ्हाड मुनिरक्यात आहे. दिल्लीत बदलून आलेल्यांना हे नाव बसच्या पाटीवरून माहीत असते, आणि मे २०१८ पासून भुयारी मेट्रोच्या स्थानकावरून. पण मुनिरका हे मूळचे गाव, टोकस जाटांचे. त्याची शेते गेली आणि त्या जमिनींवर रामकृष्णपुरम् आणि वसंतविहार वसले. गाव मात्र जागच्या जागी राहिले आणि वाव नाही म्हणून आकाशाकडे वाढले. चार-पाच मजल्यांची घरे एकमेकांना खेटून उभी, मध्ये हात पसरला तर दोन्ही भिंतींना लागेल अशा गल्ल्या, डोक्यावर विजेच्या तारांची जाळी, आणि प्रत्येक जिन्यावर देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून आलेली विद्यार्थी मंडळी. बाहेर पडले की पलीकडे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा तो खडकाळ माळ. अरवलीचा हा खडक आमच्या सह्याद्रीच्या काळ्या कातळासारखा नव्हे. तो पिवळट, ठिसूळ दिसणारा, प्रत्यक्षात मोठा कठीण, आणि त्यावर काटेरी विलायती किकर माजलेले. रविवारी पहाटे आम्ही गाडी घेऊन फरिदाबादच्या वाटेवर असल्याच टेकड्यांच्या पायथ्याशी जात असू. तेवढीच आमची साताऱ्याची हौस.

तर २०२४ च्या एप्रिलअखेरीस हा विकार जडला. कचेरीतून परतताना बाह्य वर्तुळमार्गाच्या सिग्नलपाशी गाडी गुदमरून बंद पडली ती पडलीच. किक मारून मारून पाय दुखून आला. बटण दाबावे तर यंत्र नुसते फिरे. शेवटी सावलीत अर्धा तास उभी केली, आणि मग जणू काही झालेच नाही अशा थाटात ती सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

मुनिरका गावाच्या तोंडाशी, एका भिंतीच्या आडोशाने, एक कारागीर बसतो. दुकान नाही, पाटी नाही. हातोडी-पान्यांची एक पेटी, हवा भरण्याचा पंप, आणि गिऱ्हाइकास बसावयास स्कूटरची एक जुनी बैठक. गृहस्थ पन्नाशीचे, बिहारकडचे, बोलणे मोजके. त्यांनी गाडीस हातही न लावता दोन प्रश्न विचारले. "गरम में धक्का देने से चालू होती है?" आम्ही म्हटले, होते, दुसऱ्या गिअरात टाकून कोणी ढकलले तर होते. "पहले इंजिन टिकटिक बोलता था?" आम्ही अभिमानाने म्हटले, पूर्वी बोलत असे, आता अगदी शांत आहे. ते म्हणाले, "तो टॅपेट टाइट है, साहब. टॅपेट को बोलना चाहिए."

येथे थोडे मागचे सांगणे प्राप्त आहे. त्याच वर्षी जानेवारीत आम्ही गाडी एका चांगल्या काचेच्या दारांच्या कारखान्यात नेली होती, आणि तेथील पोऱ्याला निक्षून सांगितले होते की इंजिनाच्या माथ्यातून हा जो टिकटिक आवाज येतो तो आम्हांस नको. पोऱ्याने एकदा तोंड उघडले, पण आम्ही त्याचे ऐकून घेतले नाही. त्याने आवाज बंद करून दिला. आवाज गेला म्हणजे रोग गेला, अशी आमची समजूत. तेव्हा आता हा भिंतीच्या आडोशाला बसणारा मनुष्य, जो आवाज आम्ही पैसे देऊन घालवला तोच परत आणा म्हणून सांगत होता. आमचा पारा चढला. इंजिन उघडण्याचे काम काढून पैसे उकळण्याची ही युक्ती आम्ही ओळखली आहे, आम्हांस शिकवू नका, असे काहीसे आम्ही चारचौघांत, चढ्या आवाजात बोललो. सचिवालयात बसून बसून हा आवाज आपोआप लागतो. त्यांनी हात फडक्याला पुसले. "देखने का कुछ नहीं लगता," म्हणाले आणि शेजारच्या स्कूटरीकडे वळले.

त्यानंतरचे तीन-चार आठवडे आम्ही स्वतःच चौकशी-अधिकारी झालो. यंत्र सुरू व्हावयास तीन गोष्टी लागतात, हे कोणत्याही पुस्तकात आढळते: इंधन, ठिणगी आणि दाब. आम्ही इंधनापासून आरंभ केला. टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असते. ते बुजले तर आत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी अडली की आम्ही झाकण उघडून पाहिले, फरक शून्य. मग कोणी सांगितले की उन्हाने कार्ब्युरेटरातील पेट्रोलची वाफ होते. जुने टॅक्सीवाले उन्हाळ्यात पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळीत, ते आम्ही लहानपणी पाहिले होते. आम्हीही भर रस्त्यात फडके भिजवून कार्ब्युरेटरला पोटीस बांधले. एक-दोन वेळा गाडी सुरू झालीही, आणि आम्ही शोध लागल्याच्या आनंदात घरी आलो. वास्तविक फडके भिजवून आणण्यातच वीस मिनिटे गेली होती आणि तेवढ्यात इंजिन निवाले होते, हे तेव्हा ध्यानात आले नाही. मनात निकाल ठरलेला असला की पुरावा असाच मिळत जातो.

मग ठिणगी. प्लग काढला, तो ना काळा ना ओला, विटकरी रंगाचा, म्हणजे निरोगी. तरी नवा बसवला. कित्येकदा ठिणगी पुरवणारी कॉइल थंड असता ठीक असते आणि तापली की आतून दगा देते. म्हणून कॉइलही बदलली. कार्ब्युरेटर दोनदा धुऊन घेतला. पेट्रोल जास्त होऊन आत पूर आला असेल म्हणून मूठ पूर्ण पिळून किका मारून पाहिल्या. चार हजारांच्या आसपास रुपये गेले. तिसऱ्या गोष्टीचा, दाबाचा, विचार आम्ही केलाच नाही. कारण दाबाचे नाव त्या भिंतीपाशी बसणाऱ्या माणसाने घेतले होते.

२९ मे २०२४ हा दिवस दिल्लीकरांच्या लक्षात असेल. त्या दिवशी सफदरजंगच्या वेधशाळेत ४६.८ अंश उष्णमान नोंदले गेले. आम्ही काही कामाने दुपारीच कचेरीतून निघालो आणि मुनिरक्याच्या मेट्रो स्थानकापाशी गाडीने मान टाकली. झाडांची पाने हालत नव्हती, लू मात्र अंगावर येत होती. हेल्मेट काढले तर डोके भाजे, घातले तर शिजे. किका मारता मारता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आम्ही पदपथावर बसलो. दोन विद्यार्थी, बोलीवरून बहुधा मणिपूरकडचे, पाण्याची बाटली घेऊन पुढे आले. त्यांनी पाणी पाजले, आम्हांस गाडीवर बसवले आणि म्हणाले, "अंकल, गिअर डालिए." दहा पावले ढकलताच गाडी सुरू झाली.

त्या रात्री झोप लागली नाही. उकाडा होताच, पण एक प्रश्नही होता. किकेने जी सुरू होत नाही ती ढकलल्याने का होते? वाफेचा दोष असता तर ढकलूनही वाफ ती वाफच. कॉइल आतून तुटली असती तर तिलाही ढकलण्याचे काय? किक आणि धक्का यांत भेद एकच, वेगाचा. ढकलताना इंजिन अधिक वेगाने फिरते. तेव्हा अशी कोणती उणीव असेल की जी सावकाश फिरताना जाणवावी आणि वेगाने फिरताना झाकली जावी? गळती! फुटक्या हंड्यात धारेने पाणी सोडले तर भरत नाही, पण भडाभडा ओतले तर क्षणभर का होईना भरलेला दिसतो. दाब गळत होता. म्हणजे त्या माणसाने जो पहिला प्रश्न विचारला होता, त्यातच सगळे निदान होते, आणि आम्ही त्याचे उत्तरही स्वतःच्याच तोंडाने दिले होते.

रविवारी पहाटे, इंजिन अगदी गार असताना, आम्ही किकचा दांडा पायाने न मारता हाताने दाबून पाहिला. अर्ध्यावर येताच तो ठामपणे अडला. आत कोंडलेली हवा हाताला विरोध करीत होती. मग मेहरौलीपर्यंत फेरी मारून आलो, गाडी बंद केली आणि पुन्हा हाताने दाबला. दांडा लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला.

सायंकाळी आम्ही त्या भिंतीपाशी गेलो. पायीच गेलो. मनात पुष्कळ वाक्ये जुळवली होती, हिंदीत. त्यांतले एकही ओठांवर आले नाही. "वह टॅपेट का काम था," एवढेच बोललो. त्यांनी ओळखले की नाही कोण जाणे. म्हणाले, "कल सुबह लाइए. चलाकर नहीं, ढकेलकर. इंजिन ठंडा होना चाहिए."

म्हणून सोमवार, ३ जूनच्या सकाळी सहा वाजता भारत सरकारचे एक राजपत्रित अधिकारी मुनिरक्याच्या गल्ल्यांतून आपली उंटीण ढकलीत चालले होते. दूधवाल्याने वाट दिली. आमच्याच मजल्यावरचे एक शेजारी समोरून फिरून येत होते, त्यांनी नमस्कार केला; आम्ही दोन्ही हात गुंतल्यामुळे मान लववली.

इंजिनाच्या माथ्यावरची दोन वाटोळी झाकणे त्यांनी उघडली. बाजूच्या भोकातून पाना घालून यंत्र हलके हलके फिरवीत खूण जुळवली. दट्ट्या दाबाच्या घावाच्या माथ्यावर आला आणि दोन्ही झडपा मिटल्या, म्हणजे हे काम करावयाची वेळ झाली. मग खिशातून त्यांनी पोलादी पात्यांचा एक पंखा काढला, फिलर. त्यातले प्रत्येक पाते ठरावीक जाडीचे. सर्वांत पातळ ते कागदाहूनही पातळ. झडपेचा दांडा आणि तिला दाबणारा हात यांच्यामध्ये केसाच्या जाडीएवढी फट असावी लागते, मिलिमीटरचा दहावा भाग, कोठे त्याहून थोडी कमी. जळका वायू जिच्यावाटे बाहेर पडतो ती झडप सर्वांत जास्त तापते. तापली की तिचा दांडा लांबतो, आणि ही फट त्या लांबण्यासाठीच राखून ठेवलेली असते. फट नसेल तर लांबलेल्या दांड्यास जागा उरत नाही. झडप आपल्या बैठकीवर नीट बसत नाही, किंचित उघडी राहते, आणि तेथून दाब निसटतो. त्यांनी सर्वांत पातळ पाते त्या फटीत घालून पाहिले. शिरले नाही. आमच्याकडे न पाहता त्यांनी ते दुसऱ्यांदा घालून पाहिले; बहुधा आम्ही पाहावे म्हणून.

आम्ही विचारले, झिजल्याने तर वस्तू सैल होते; हे उलट आवळले कसे? ते म्हणाले, झडप बैठकीवर आपटून आपटून बैठक झिजते, झडप आत आत बसत जाते, आणि तेवढा दांडा वर येतो. म्हणून फट आपोआप कमी होते. त्यात कोणी मुद्दाम आवळले, तर मग... त्यांनी वाक्य पुरे केले नाही. "टिकटिक थोड़ा आता रहे तो समझिए जगह है. आवाज बंद हुआ तो डरना चाहिए."

हे ऐकत असताना आमच्या मनात अकस्मात एक चेहरा उभा राहिला. आमच्या विभागात एक वयस्क साहाययक होते. प्रत्येक प्रकरणावर त्यांची एक शंका ठरलेली: अमुक नियम तपासावा, तमुक मंजुरी जोडलेली नाही, मागील वर्षी असेच देयक होते ते ताडून पाहावे. काम रखडते, कटकट होते, म्हणून आम्ही त्यांची दुसरीकडे बदली मागून घेतली. शिफारसपत्रात त्यांच्या सूक्ष्म दृष्टीची वाखाणणीही केली. नंतर विभाग किती शांत झाला! कागद सरसर पुढे जाऊ लागले. त्या मार्चअखेर एकच देयक दोनदा मंजूर झाले, आमच्याच सहीने. रक्कम पुढे वसूल झाली आणि प्रकरण मिटले, पण त्या वेळी आम्ही दोष दिला तो नवीन साहाय्यकाला. त्या वृद्ध गृहस्थांना पत्र लिहावयाचे, असे त्या भिंतीपाशी बसल्या बसल्या आम्ही ठरवले. ते अजून लिहिलेले नाही. पहिल्या ओळीपाशीच अडते.

झाकणे लागली. गाडी सुरू झाली आणि टिकटिक ऐकू येऊ लागली, घड्याळासारखी. त्यांनी आम्हांस बाह्य वर्तुळमार्गावरून चांगली तापवून आणावयास सांगितले. आम्ही रामकृष्णपुरम्‌ला वळसा घालून आलो. इंजिनावर थेंब टाकला तर चुरचुरेल इतके तापले होते. त्यांनी चावी फिरवून बंद केले, पाच मिनिटे दुसऱ्याच कोणाच्या चाकात हवा भरीत बसले, आणि मग आम्हांस म्हणाले, "मारिए." पहिल्या किकेस सुरू.

"कितना हुआ?" आम्ही विचारले. त्या प्रश्नात आम्हांस दुसरेच काही विचारावयाचे होते.

"डेढ़ सौ."

आम्ही पाचशेची नोट पुढे केली आणि राहू द्या म्हणून हात हलवला. त्यांनी नोट उलटसुलट पाहिली, शेजारच्या चहावाल्याकडे गेले, मोड आणली, आणि साडेतीनशे रुपये मोजून आमच्या हातावर ठेवले. शेवटची पन्नासाची नोट जराशी फाटकी होती; ती परत घेऊन दुसरी दिली.

घरी आलो तेव्हा सौभाग्यवती गच्चीत उभ्या होत्या. जिना चढून वर जातो तोच त्यांनी विचारले, "दुरुस्त करायला नेली होती ना? मग तो पूर्वीचा आवाज पुन्हा कसला येतोय?"

"येऊ द्या," आम्ही म्हटले आणि कचेरीची तयारी करू लागलो.